जमेची बाजू

मार्च महिन्याचा शेवटचा आठवडा होता. पतसंस्थेत लेखापाल म्हणून काम करणाऱ्या माणसाला या आठवड्याविषयी वेगळे काही सांगावे लागत नाही. किर्द (रोजच्या नोंदींची वही), खतावणी (खातेवार नोंदींची वही), थकीत कर्जांच्या याद्या, तरतुदी आणि शेवटी तेरीज (सगळ्या खात्यांच्या जमा आणि नावे बाकींचा ताळा), असे सगळे एकदमच अंगावर येते आणि घरी परतल्यावरही डोक्यात आकडेच फिरत राहतात. त्या दिवशी संध्याकाळी साडेसात वाजता मी आईला इन्सुलिनचे इंजेक्शन दिले. कुकर लावलेला होता. इंजेक्शनानंतर अर्ध्या तासाच्या आत तिचे ताट वाढायचे, हा आमच्या घरातला तीन वर्षांचा परिपाठ होता. तेवढ्यात कार्यालयातून फोन आला. तेरीज जुळत नव्हती, चार हजार आणि काही रुपयांचा फरक येत होता आणि तो कुठे असावा हे मीच सांगू शकेन अशी सगळ्यांची खात्री होती. मी गॅस बंद केला, फोन कानाला लावून आतल्या खोलीत गेले आणि लॅपटॉप उघडून बसले. फरक सापडला; एक रक्कम दोन खात्यांना पडली होती. घड्याळात पाहिले तेव्हा पावणेनऊ वाजून गेले होते.

बाहेर आले तर आई खुर्चीत बसलेली होती. समोर टीव्ही चालू होता, पण तिची नजर त्यावर नव्हती. कपाळावर घाम डवरला होता, मानेपाशी पदर भिजला होता आणि मांडीवर ठेवलेले हात बारीक थरथरत होते. मी हाक मारली, तेव्हा तिने माझ्याकडे पाहून माझ्या मावशीचे नाव घेतले. ग्लुकोमीटरवर ४८ हा आकडा आला. रक्तातली साखर ७० च्या खाली उतरली की ती कमी समजायची, हे आम्हाला डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत शिकवून ठेवले होते आणि त्या वेळी काय करायचे तेही सांगितले होते. आई शुद्धीवर होती, तिला गिळता येत होते. मी अर्ध्या पेला पाण्यात तीन चमचे साखर ढवळली आणि तिच्या हनुवटीला हात लावून घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचले, तेव्हा ७९ आले. मग वरणभात कालवून भरवला. सव्वानऊच्या सुमारास तिचे डोळे स्थिर झाले, तिने पदराने तोंड पुसले आणि माझ्याकडे नीट पाहून विचारले, “अगं, तू जेवलीस का?”

या प्रश्नापाशी मी बराच काळ अडकून पडले. त्या घरात त्या रात्री दोन माणसे होती. जिला माझ्या चुकीचा त्रास झाला होता, ती माझ्या जेवणाची चौकशी करत होती. आणि मी स्वतःला जे बोलत होते, ते लिहून काढायलाही आज धीर करावा लागतो. तुला एवढे एक काम जमत नाही. आकड्यांसाठी आईला विसरलीस. तिचे काही झाले असते तर कोणत्या तोंडाने भावाला सांगितले असतेस? तू मुलगी म्हणवून घ्यायच्या लायकीची नाहीस. हे मी रात्री दोन वाजता बोलत होते, सकाळी स्कूटरवरून जाताना बोलत होते, खतावणीचे पान उलटताना बोलत होते. बाहेरून कोणाला काही दिसत नव्हते. ३१ मार्चची कामे वेळेत पार पडली, हिशेब जुळले, सगळ्यांनी पेढे खाल्ले.

ज्या सुरात मी स्वतःशी बोलत होते, त्या सुरात मी आयुष्यात दुसऱ्या कोणाशीही बोललेले नाही, हे मला पुढे एका अगदी साध्या प्रसंगातून कळले. आमच्याकडे नव्याने लागलेल्या एका मुलाने मुदत ठेवीच्या पावतीवर चुकीची तारीख घातली होती आणि ठेवीदार काउंटरवर आवाज चढवून बोलत होता. मुलगा रडवेला झाला होता. मी उठून त्याच्यापाशी गेले आणि म्हणाले, “अरे, होतं असं. आधी पाणी पी. मग आपण दुरुस्ती करू.” पावती दुरुस्त झाली, ठेवीदारही शांत झाला. मी जागेवर येऊन बसले आणि माझ्याच तोंडून निघालेले ते वाक्य माझ्या कानात घुमत राहिले. होतं असं. आधी पाणी पी. एवढी साधी माया माझ्यापाशी होती, ती ओठांवर तयार होती, दुसऱ्यासाठी ती क्षणात बाहेर आली. स्वतःसाठी मात्र गेल्या तीन आठवड्यांत तिचा एक शब्दही खर्ची पडला नव्हता.

या तीन आठवड्यांत घरात काय झाले तेही सांगितले पाहिजे, कारण स्वतःला फटकारल्याने माणूस अधिक जबाबदार होतो असा माझा ठाम समज होता आणि तो माझ्या डोळ्यांदेखत खोटा ठरला. मी रात्री दोन-दोन वेळा उठून आईचा श्वास चालू आहे ना हे पाहू लागले. गरज नसताना दिवसातून पाच-सहा वेळा तिचे बोट टोचू लागले. तिने ताटात दोन घास ठेवले की माझा आवाज चढू लागला. एकदा तिने हात मागे घेतला आणि म्हणाली, “नको गं आज, बोटं हुळहुळतात.” मी काळजी करत होते हे खरे, पण त्या काळजीला माझ्या अपराधीपणाची धार आली होती आणि ती धार तिच्याच बोटांना लागत होती. माझे स्वतःचे जेवण तर उभ्याउभ्या, ओट्याशी, पातेल्यातल्या खरवडीवर चालले होते. शिक्षा म्हणूनच मी ते करत असावे, असे आज वाटते.

आईने हे सगळे पाहिले होते. ती सातवी शिकलेली, पण वारकरी घरातली आणि पाठांतर मोठे. एका सकाळी मी तिची वेणी घालत असताना ती सहज म्हणाली, “जीभ दाताखाली आली म्हणून कुणी बत्तिशी पाडून घेतं का गं?” मी काहीच बोलले नाही. ही उपमा तिची स्वतःची नव्हे, मुक्ताबाईंची आहे. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले आणि धाकट्या बहिणीने दाराबाहेर उभे राहून त्यांना समजावले, अशी कथा आहे. त्या वेळचे म्हणून जे अभंग सांगितले जातात, त्यांत आपलाच हात आपल्याला लागला तर त्याचा खेद करू नये आणि जीभ दातांनी चावली म्हणून दात कोणी तोडत नाही, असे मुक्ताबाई म्हणतात. तिथे विषय जनांवर न रागावण्याचा आहे, हे मला माहीत आहे. पण आईने तो दाखला माझ्याकडे वळवला, तेव्हा मला तो पहिल्यांदा पुरता कळला. त्या उपमेत जीभही आपलीच आहे आणि दातही आपलेच आहेत. चूक करणारी मी आणि त्या चुकीने होरपळणारी मी, या दोघींना एकाच तोंडात राहायचे आहे.

तरीही एका वाक्याने मन वळत नाही. पुढच्या तपासणीला आईला घेऊन गेले, तेव्हा डॉक्टरांनी तिची वही पाहून झाल्यावर माझ्याकडे पाहिले आणि “तुमची झोप कशी आहे?” असे विचारले. तिथून मी मिरजेतल्या एका समुपदेशक बाईंकडे पोहोचले. त्यांनी पहिल्या भेटीत मला नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली भरायला दिली. पीएचक्यू-९ या नावाने ती जगभर वापरली जाते आणि गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, असे तिच्यात विचारलेले असते. झोप, भूक, थकवा हे प्रश्न मला अपेक्षित होते. सहाव्या प्रश्नापाशी मात्र पेन थांबले. स्वतःविषयी वाईट वाटणे, आपण अपयशी आहोत किंवा आपण स्वतःला अथवा घरच्यांना खाली पाहायला लावले असे वाटणे, याविषयी तो प्रश्न होता. म्हणजे ज्या बोलण्याला मी माझ्या सदसद्विवेकाचा आवाज समजत होते, ते बोलणे झोप उडणे आणि भूक मरणे यांच्याच ओळीत, एक लक्षण म्हणून छापलेले होते. ताप आलेल्या माणसाला थर्मामीटरवरचा आकडा दिसावा, तसे मला झाले. माझे गुण सौम्य पातळीचे निघाले, औषधांची गरज पडली नाही. पण तो कागद हातात धरल्यावर पहिल्यांदाच मला असे वाटले की या आवाजाचे सगळेच म्हणणे मान्य करण्याचे बंधन माझ्यावर नाही.

त्या बाई विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या पद्धतीने काम करत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये ही पद्धत मांडायला सुरुवात केली आणि मुंबईचे डॉ. किशोर फडके यांनी ती आपल्याकडे रुजवली, मराठीतून समजावून सांगितली. या पद्धतीतला एक भेद माझ्या फार उपयोगी पडला. कृतीचे मोजमाप करता येते, माणसाचे करता येत नाही. ‘जेवण वाढायला सव्वा तास उशीर झाला’ ही नोंद खरी आहे, तपासता येण्याजोगी आहे आणि तिच्यावर उपाय आहे. ‘मी वाईट मुलगी आहे’ ही नोंद कोणत्या पुराव्यावर टाकायची? बाईंनी मला विचारले, “ताई, तुमच्या वह्यांमध्ये व्हाउचरशिवाय नोंद चालते का?” मी नाही म्हणाले. “मग ही कशी चालवून घेतलीत?” त्या हसल्या नाहीत, मीही हसले नाही. घरी येताना बसमध्ये मी त्याचाच विचार करत होते.

अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातील क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये स्वतःविषयीच्या करुणेची जी मांडणी केली, तिचे नाव मी त्या बाईंकडूनच ऐकले. त्यांच्या मते या करुणेला तीन अंगे आहेत. चूक झाल्यावर स्वतःशी मायेने बोलणे हे पहिले. चुकणे आणि कमी पडणे हे आपल्या एकट्याच्या नशिबी आलेले नसून माणूस म्हणून सगळ्यांच्याच वाट्याला आहे, ही जाणीव दुसरे. आणि मनात जे दुःख आहे ते दडपूनही न टाकता आणि त्यात वाहूनही न जाता, आहे तसे पाहणे हे तिसरे.

यातले दुसरे अंग मला दवाखान्यातल्या बाकावर समजले, कारण वाचून ते समजण्यासारखे नाही. रक्त दिल्यावर जेवून पुन्हा दोन तासांनी रक्त द्यायचे असते आणि मधला वेळ सगळे त्या बाकांवर काढतात. डबे उघडतात, ओळखी होतात. शेजारी बसलेल्या बाईंनी माझ्या आईची विचारपूस केली आणि का कोण जाणे, मी ती मार्चमधली संध्याकाळ त्यांना सांगून टाकली. त्यांनी डब्यातला उपमा चमच्याने एका बाजूला सारला आणि शांतपणे म्हणाल्या, “माझ्या हातून यांना दोनदा दिलं गेलं होतं. सकाळचं मी दिलं, सुनेनंही दिलं. रात्रभर बसून होते उशाशी.” समोरच्या बाकावरचे एक गृहस्थ आमच्याकडे न पाहताच म्हणाले, “आमच्या घरात कुपी फ्रिजबाहेर राहिली होती उन्हाळ्यात. आठवडाभर साखर का उतरत नाही ते कळेना.” कोणी कोणाला धीर दिला नाही, उपदेश तर मुळीच केला नाही. फक्त प्रत्येकाने आपापली चूक त्या बाकावर ठेवली. इतके दिवस मला वाटत होते की संपूर्ण सांगली शहरात आपल्या माणसाच्या जिवाशी असा निष्काळजीपणा करणारी मी एकटीच आहे.

इथे माझ्या मनात एक शंका होती आणि ती पुष्कळांच्या मनात असते. स्वतःशी असे मायेने वागायला लागले, तर माणूस सैलावणार नाही का? आपल्याकडे तर या शंकेला भाषेचाच आधार आहे. मूल शेफारेल म्हणून तोंडावर कौतुक करायचे नाही, दृष्ट लागेल म्हणून गुण बोलून दाखवायचे नाहीत, आणि आपण आपलीच पाठ थोपटून घेतली तर ते दूषणच. माझे वडील अतिशय प्रेमळ होते, पण दहावीला गणितात मला १५० पैकी १४२ गुण मिळाले तेव्हा त्यांनी गुणपत्रिका वाचून “आठ कुठे गेले?” एवढेच विचारले होते. नंतर त्यांनी शेजाऱ्यांना चार-चारदा ते गुण सांगितले, हे मला आईकडून कळले. त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्या पिढीत माया अशीच आडून पोहोचवली जात असे. पण ‘आठ कुठे गेले’ हा प्रश्न मी पुढे तीस वर्षे स्वतःला विचारत आले, हेही तितकेच खरे आहे.

सैलावण्याच्या शंकेचे उत्तर मला अभ्यासातही मिळाले आणि अनुभवातही. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन या संशोधकांनी २०१२ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. एका प्रयोगात विद्यार्थ्यांना शब्दांची अवघड चाचणी दिली होती. त्यानंतर काहींना त्या अपयशाकडे समजुतीने पाहायला सुचवले आणि त्यांनी पुढच्या चाचणीसाठी इतरांपेक्षा अधिक वेळ अभ्यास केला. कारण उघड आहे. ज्याला आपली चूक पाहताना मार बसण्याची भीती नसते, तो ती चूक नीट निरखून पाहू शकतो. पहिले तीन आठवडे मी स्वतःला झोडपत होते, तोपर्यंत त्या संध्याकाळी नेमके काय चुकले याचा मी एकदाही शांतपणे विचार केला नव्हता. आठवण आली की मी मान फिरवत होते. मन थोडे निवल्यावर मी एका संध्याकाळी कागद घेऊन बसले आणि दहा मिनिटांत कारण लिहून झाले. स्वयंपाक तयार होण्याआधी इंजेक्शन दिले जात होते. गेली तीन वर्षे आम्ही कुकरच्या भरवशावर चाललो होतो. उपाय एका ओळीचा होता.

कौतुकाचा भाग मला माये­पेक्षाही अवघड गेला. सुरुवातीला मी मोबाइलवर आलेल्या एका सूचनेप्रमाणे रोज सकाळी आरशासमोर उभी राहून ‘मी चांगली आहे, मी प्रेमास पात्र आहे’ असे म्हणून पाहिले. चार दिवसांत ते सोडून दिले, कारण प्रत्येक वेळी आतून कोणीतरी त्या वाक्याला खोडून काढत होते आणि मी आधीपेक्षा उदास होऊन कामाला लागत होते. पुढे समजले की हा माझ्या एकटीचा अनुभव नाही. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या जोअॅन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हेच दाखवले होते की, ज्यांच्या मनात स्वतःविषयी आधीच कमीपणा आहे त्यांना अशी गोडगोड वाक्ये घोकून बरे वाटण्याऐवजी अधिक वाईट वाटते. लेखापालाच्या नजरेने पाहिले, तर यात नवल नाही. पुरावा नसलेली जमा नोंद ही पुरावा नसलेल्या नावे, म्हणजे जमेच्या उलट बाजूच्या, नोंदीइतकीच खोटी असते आणि मनाला ती पटत नाही.

मग पुरावा कुठे होता? तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेला होता. आमच्याकडे कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहायची पद्धत आईच्या संसारापासूनची आहे. त्याच चौकटीत मी तिच्या इंजेक्शनांची खूण करत असे, सकाळचे डाव्या कोपऱ्यात, संध्याकाळचे उजव्या, आणि साखर तपासली असेल तर खाली बारीक आकडा. दिले की नाही असा घोळ होऊ नये, एवढाच त्याचा हेतू. मे महिन्यात एका रविवारी मी मार्चचे पान उलटून पाहिले. एकतीस चौकटी, बासष्ट खुणा. त्या एका तारखेच्या खाली माझ्याच अक्षरात ४८ आणि त्याच्या बाजूला ७९. मी त्याआधीची पानेही काढली. जुनी कॅलेंडरे आई टाकू देत नाही, ती माळ्यावर सुतळीने बांधून ठेवते. ती उतरवून मी जमिनीवर बसून मोजत गेले. दिवसाला दोन याप्रमाणे तीन वर्षांत दोन हजारांहून अधिक इंजेक्शने माझ्या हातून दिली गेली होती. त्यांत लग्नकार्याचे दिवस होते, माझ्या तापाचे दिवस होते, मुलाच्या बारावीच्या परीक्षेचे होते, पूर आला तेव्हा नातेवाइकांकडे मुक्काम हलवला ते दिवसही होते आणि त्या दिवसांच्या चौकटीत निळ्याऐवजी पेन्सिलीने खुणा होत्या, कारण पेन सापडले नव्हते. पाण्याचे आकडे पुलापाशी चढत असताना बर्फाच्या डब्यात इन्सुलिनची कुपी घेऊन मी आईला रिक्षात बसवले होते, हे मी पार विसरून गेले होते. मनाने माझ्या नावे ती एक तारीख टाकली होती आणि जमेला काहीच नव्हते. अशी खतावणी कोणी माझ्यापुढे तपासायला आणली असती, तर मी ती सही न करता परत पाठवली असती.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे. रात्री झोपण्याआधी त्या दिवसाच्या चौकटीत, किंवा जागा पुरली नाही तर मागच्या पानाच्या कोऱ्या भागावर, त्या दिवशी नीट झालेली एक-दोन कामे लिहायची. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना आठवडाभर रोज रात्री चांगल्या घडलेल्या तीन गोष्टी आणि त्या का घडल्या हे लिहायला सांगितले होते, आणि ज्यांनी पुढेही ते चालू ठेवले त्यांना सहा महिन्यांनंतरही फायदा जाणवत होता. त्यातला ‘का’ हा शब्द मला मोलाचा वाटतो. ‘आईची साखर आज १३२’ असे मी पूर्वीही लिहीत होते. आता त्यापुढे ‘दुपारी तिच्याबरोबर गच्चीत वीस फेऱ्या मारल्या’ असे लिहिते. त्या आकड्यामागे कोणाचे तरी पाय चालले आहेत आणि त्यांत माझेही आहेत, हे कागदावर येते. मोठे काही लिहायचे नाही, हा माझा नियम आहे. ‘व्याजाचा तक्ता पहिल्या फेरीत जुळला.’ ‘चिडचिड होत होती, तरी आवाज चढवला नाही.’ ‘दमले होते म्हणून भाजी विकत आणली आणि त्याचे वाईट वाटून घेतले नाही.’ हे शेवटचे वाक्य लिहायला मला सर्वांत जास्त दिवस लागले.

दुसऱ्यांचे कौतुक करणेही याच काळात सुधारले, हे मला अपेक्षित नव्हते. ‘छान केलंस’ असे मोघम म्हणण्याऐवजी आता मी नेमके काय आवडले ते सांगते. त्या नवीन मुलाला म्हणाले, “ठेवीदार ओरडत होते तरी तू त्यांना उलट बोलला नाहीस, ते मला आवडलं.” तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या टेबलावर चहा आणून ठेवला.

एक गोष्ट मात्र मी आग्रहाने सांगेन. घरातल्या आजारी माणसाचे सगळे एकटीने करायचे, वर नोकरी करायची आणि रात्री कॅलेंडरवर दोन ओळी लिहून आनंदी राहायचे, असा याचा अर्थ कोणी लावू नये. मायेचा पहिला परिणाम माझ्या बाबतीत असा झाला की मी पुण्याला भावाला फोन केला. आजवर मी त्याला फक्त ‘सगळं ठीक आहे’ असे सांगत आले होते. या वेळी मी मार्चमधली संध्याकाळ जशी घडली तशी सांगितली आणि म्हणाले, “दादा, मला एकटीला हे झेपत नाही.” तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “तू आधी का नाही बोललीस गं?” आता तो महिन्यातले दोन शनिवार-रविवार येतो. इंजेक्शन द्यायला शिकला आहे. पहिल्यांदा देताना त्याचाच हात थरथरला आणि आईने त्याला “दे रे, दुखत नाही” असे सांगून धीर दिला. ते दोन दिवस मी माझ्या खोलीत दार लावून झोपते. आपल्याकडे घरातून निघणाऱ्याला मोठी माणसे ‘जिवाला जप’ म्हणतात. मी ते हजार वेळा ऐकले आहे आणि ‘हो’ म्हटले आहे. जिवाला जपण्यात मदत मागणे येते, हे मला त्या फोनपर्यंत सुचले नव्हते.

आणि मन जर अशा कडेला पोहोचले असेल की झोप, भूक, काम सगळेच दोन-दोन आठवडे बिघडले आहे, किंवा जगण्याचाच कंटाळा आला आहे, तर कॅलेंडर बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. ते लगेच शक्य नसेल, तर केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली टेलि-मानस ही सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते. मी तो क्रमांक आमच्या कार्यालयातल्या फलकावर लावला आहे, अग्निशमन दलाच्या क्रमांकाच्या खाली.

आतला आवाज पूर्ण गेला आहे असे मी म्हणणार नाही. परवाच मी आईच्या पायाला लावायचे मलम आणायला विसरले आणि दुकान बंद झाल्यावर आठवले, तेव्हा तो लगेच जागा झाला. मी स्कूटर बाजूला घेतली, हेल्मेट काढले आणि त्या मुलाला म्हटले होते तेच स्वतःला म्हटले. होतं असं. आधी पाणी पी. पिशवीत बाटली होती. पाणी प्यायल्यावर आठवले की कोपऱ्यावरचे दुसरे दुकान साडेदहापर्यंत उघडे असते.

संध्याकाळचा क्रम आता बदलला आहे. साडेसातला आधी कुकर उतरतो, भाकऱ्या होतात, आमटीला उकळी येते. मग दोन ताटे घेऊन मी दोन्हींत लिंबाची फोड आणि चटणी वाढून ओट्यावर ठेवते. ती ताटे दिसली की मगच फ्रिजमधून कुपी बाहेर येते. फोन आतल्या खोलीत असतो. इंजेक्शन दिल्यावर मी भिंतीपाशी जाऊन उजव्या कोपऱ्यात खूण करते, तोवर आई हात धुऊन आलेली असते. जेवायला आम्ही एकदमच बसतो.